मधूनच हरवणारी ठिणगी : जुन्या बुलेटच्या इग्निशन-दोषाचा एक पाठ

आपल्या विद्यालयाच्या कार्यशाळेच्या पत्र्याखाली एक जुनी बुलेट उभी आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेक माजी विद्यार्थ्यांनी ती कधी ना कधी पुसली आहे, ढकलली आहे आणि काहींनी तिच्या उलट्या किकचा प्रसाद पोटरीवर घेतला आहे. कार्यानुभवाच्या तासाला या गाडीवर आम्ही जे शिकवले, त्यातील एक पाठ येथे लिहून ठेवत आहोत. हा पाठ आम्ही आधी शिकवला आणि मग स्वतः शिकलो, असा त्याचा उलटा क्रम आहे. म्हणून त्यात आमच्या चुकाही येतील.

विषय मर्यादित आहे. इंजिन चालता चालता एकाएकी बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते आणि मिस्त्रीपुढे नेले की निर्दोष चालते. असा येऊन-जाऊन असणारा दोष शोधायचा कसा?

त्या रात्रीची हकीकत

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. आम्ही सांगतो ती गोष्ट त्याच्या आधीची. तेव्हा वसतिगृहात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, की ही बुलेट हेच आमचे रुग्णवाहन होते. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर, अडचणीच्या वेळी धावणारे वाहन दाराशी असावे, हे या तालुक्याला कोणी शिकवावे लागले नाही.

सोयाबीनच्या राशी चालू होत्या. सहावीतील एका मुलाच्या पोटात उजव्या बाजूला खालच्या अंगाला कळा येऊ लागल्या. गावातील डॉक्टरांनी तपासून अपेंडिक्सची शंका व्यक्त केली आणि वेळ न घालवता लातूरला न्यायला सांगितले. औसा ते लातूर अंतर सुमारे २० किलोमीटर. आमच्यापैकी एकजण गाडी चालवत होता, मध्ये तो आजारी मुलगा आणि त्याला धरून मागे दहावीचा एक विद्यार्थी. तिघांनी बसणे नियमाला धरून नव्हते. पण त्या घटकेला दुसरा मार्ग दिसला नाही.

बुधोडा ओलांडल्यावर इंजिन गपकन बंद पडले. आधी खोकले नाही, धापले नाही. कोणी चावी फिरवावी तसे थांबले. बॅटरी वाचावी म्हणून आम्ही मोठा दिवा बंद केला आणि किकवर किक मारू लागलो. टाकी हलवून पेट्रोल पाहिले, प्लग काढून पुसला. दहावीचा तो मुलगा एका हाताने आजारी मुलाला सावरत, दुसऱ्या हाताने बॅटरीचा उजेड धरून उभा होता. तो म्हणाला, “सर, काटा मधीच उभा आहे. किक मारली तरी हलंना गेलाय.”

त्याच्या या बोलण्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. लक्ष न देण्याचे कारण आज सांगताना संकोच वाटतो. दोनच दिवसांपूर्वी याच मुलाने गाडीचे पॉइंट साफ करून बसवले होते. आमच्या मनाने निकाल देऊन टाकला होता, की पॉइंट नीट बसले नाहीत आणि हा आता सबब शोधतो आहे. आम्ही त्याला तसे बोललोही, त्या आजारी मुलासमोर, भर रस्त्यावर.

भाजीपाला घेऊन लातूरच्या बाजाराला निघालेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला उचलले. मुलावर सकाळी शस्त्रक्रिया झाली आणि तो सुखरूप परतला. गाडी रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर लावली होती. दुसऱ्या दिवशी ती आणायला गेलो, तर पहिल्याच किकला सुरू झाली.

ठिणगी कशी निर्माण होते

दोष समजून घेण्यापूर्वी निर्दोष यंत्र कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन केली. तेव्हापासून मद्रासेत तयार होणाऱ्या बुलेटमध्ये अनेक दशके जी इग्निशन-व्यवस्था होती, तिला मिस्त्री लोक ‘पॉइंटची गाडी’ म्हणतात. पुढे इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली आणि पॉइंट गेले. पण आमची गाडी जुन्या घराण्यातली आहे.

या व्यवस्थेचे दोन भाग करावेत. पहिला कमी दाबाचा मार्ग : बॅटरी, फ्यूज, अँमीटर, चावीचा स्विच, कॉइलचे जाड तारेचे वेटोळे, तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटपर्यंत जाणारी वायर, पॉइंट आणि शेवटी इंजिनाच्या धातूतून परत बॅटरीकडे. दुसरा उच्च दाबाचा मार्ग : कॉइलचे बारीक तारेचे वेटोळे, जाड रबरी वायर, प्लगची टोपी आणि प्लग.

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कमी दाबाच्या मार्गातून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यामुळे बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब प्लगच्या फटीतून उडी मारतो. तीच ठिणगी, गॅरेजच्या भाषेतला ‘करंट’. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत संपते. येथे ते दर सेकंदाला अनेकदा घडते.

पॉइंटला समांतर एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून शक्ती वाया जाऊ नये आणि प्रवाह झटक्यात तुटावा, हे त्याचे काम. तो निकामी झाला तर पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी दुबळी होते.

आता थोडे गणित करू. बुलेटचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. डिस्ट्रिब्यूटरचा कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्या करते असे धरले, तर मिनिटाला १२५० ठिणग्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने औसा ते लातूर अर्धा तास लागतो; त्या अर्ध्या तासात ३७,५०० ठिणग्या. प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट एकदा मिटला पाहिजे आणि एकदा उघडला पाहिजे. वाटेतील एकही जोड मधेच सैल पडला, की साखळी तिथेच तुटते.

आम्ही केलेल्या चुका

गाडी परत आणल्यावर आम्ही जे केले, ते बहुतेक लोक करतात. एका गॅरेजमध्ये नेली. तेथे ती छान चालली. छान चालणाऱ्या गाडीत दोष कुठे शोधणार? मग अंदाजाने प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, कॉइलही बदलली. तिन्ही एकाच दिवशी. गाडी आठवडाभर चालली आणि पुन्हा तशीच बंद पडली.

येथे पहिली चूक : गाडी आपोआप सुरू झाली, म्हणजे दोष गेला, असे मानणे. त्या रात्रीपूर्वीही ती तीन वेळा अशीच थांबली होती. प्रत्येक वेळी पाव तासाने सुरू झाली आणि प्रत्येक वेळी आम्ही तो विषय सोडून दिला.

दुसरी चूक : तपासण्याआधी भाग बदलणे. एकाच वेळी तीन भाग बदलले, तर गाडी सुरळीत झाली तरी कोणत्या भागाने झाली हे कळत नाही. आणि झाली नाही, तर पैसे जाऊन ज्ञान होते तेवढेच राहते.

तिसरी चूक सर्वांत मोठी : यंत्राचा दोष शोधण्याऐवजी माणसाचा दोष शोधणे. ज्याने शेवटचा हात लावला त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे असते. त्यामुळे त्याचे निरीक्षण आमच्या कानावर पडूनही कामी आले नाही.

तपासणीचा योग्य क्रम

दुसऱ्यांदा गाडी थांबल्यावर आम्ही ठरवले, की आता अंदाज बंद. हा दोष गाडी गरम असताना आणि बंद पडलेली असतानाच पकडता येतो. म्हणून एक छोटा बल्ब, त्याला दोन हातभर वायरी, एक पेचकस, प्लगचा पाना आणि कागदाचा तुकडा एवढे साहित्य पिशवीत ठेवले आणि ओळीने रविवारी औसा–तुळजापूर रस्त्यावर गाडी फिरवू लागलो. त्या मुलालाही बरोबर घेतले. तिसऱ्या रविवारी, दहा-बारा किलोमीटरवर, गाडी गपकन थांबली. आयुष्यात प्रथमच गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.

अशा वेळी घाईने किक मारू नये आणि वायरी हलवू नयेत. हलवल्या तर दोष तात्पुरता लपतो. पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी : पेट्रोल की ठिणगी? पेट्रोल अडल्यास गाडी सहसा धापा टाकत, ताकद गमावत थांबते. ठिणगी गेल्यास चावी फिरवल्यासारखी थांबते. हा केवळ अंदाज आहे, पुरावा नव्हे. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले, तर काही किलोमीटरनंतर पेट्रोल खाली उतरत नाही, गाडी थांबते आणि थोड्या वेळाने सुरू होते. लक्षण अगदी इग्निशन-दोषासारखेच! म्हणून प्रथम झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष तेथेच आहे. आमच्या गाडीत तसे नव्हते. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नीट येत होते.

दुसरी पायरी : प्लगवर ठिणगी पाहणे. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या भोकापासून दूर धरावा, आणि उघड्या भागाला हात लावू नये. निळसर, कडक ठिणगी आली तर दोष अन्यत्र शोधावा. आमच्याकडे ठिणगी अजिबात नव्हती.

तिसरी पायरी : अँमीटरचा काटा. बुलेटच्या हेडलाइटवरील टोपात जो काट्याचा मीटर असतो, तो या तपासणीतील सर्वांत चांगला साक्षीदार आहे. मोठा दिवा बंद ठेवावा, चावी चालू करावी, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक सावकाश खाली न्यावी आणि असे करत इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्या कराव्यात. गाडी निर्दोष असेल तर पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला कलतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर येतो. जुने बुलेटवाले याच काट्यावरून किक मारण्याची योग्य जागा ओळखतात. आता तीन शक्यता :

काटा नीट हलतो, तरी ठिणगी नाही किंवा दुबळी आहे : कमी दाबाचा मार्ग बहुधा ठीक, कंडेन्सर, कॉइल, जाड वायर, टोपी किंवा प्लग तपासावा.

काटा सतत उणे बाजूला राहतो : पॉइंट उघडतच नाहीत, किंवा वायर कुठेतरी धातूला टेकली आहे.

काटा मध्यावरून हलतच नाही : मार्ग कुठेतरी तुटला आहे.

आम्ही किक सावकाश खाली नेली. काटा मध्यावर होता आणि मध्यावरच राहिला. त्या मुलाने काही न बोलता आमच्याकडे पाहिले. त्या रात्री त्याने नेमके हेच सांगितले होते. त्या एका वाक्यात अर्धे निदान होते. पेट्रोल, प्लग, कंडेन्सर, उच्च दाबाची वायर या सगळ्यांना त्या वाक्याने निर्दोष ठरवले होते आणि आम्ही त्यातील दोन वस्तू पैसे देऊन बदलल्या होत्या. कॉइलच्या बारीक वेटोळ्याचाही संशय त्याच वाक्याने फिटत होता. जाड वेटोळे तेवढे तपासायचे राहत होते.

चौथी पायरी : बल्बने मार्ग चालत जाणे. बल्बची एक वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला पक्की जोडावी आणि दुसऱ्या वायरीने एकेक जागा तपासत पुढे जावे. बल्ब गाडीच्या व्होल्टचाच घ्यावा. आमची गाडी १२ व्होल्टची आहे, फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात.

कॉइलच्या येणाऱ्या टोकाला बल्ब लावला : लागला. म्हणजे बॅटरी, फ्यूज, अँमीटर आणि चावीचा स्विच येथवर मार्ग ठीक. येथे बल्ब लागला नसता, तर मागे स्विचकडे वळावे लागले असते.

कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जिथून वायर पॉइंटकडे जाते तिथे, बल्ब लावला : लागला. म्हणजे जाड वेटोळेही अखंड. पण आता इंजिन सावकाश फिरवले. पॉइंट मिटताच हा बल्ब विझायला हवा, कारण प्रवाहाला पॉइंटमधून सोपी वाट मिळते. तो विझला नाही. म्हणजे या टोकाच्या पुढे, वायर, पॉइंट किंवा पॉइंटची पाटी यांपैकी कुठेतरी वाट तुटलेली.

खात्री करण्यासाठी याच टोकाला एक मोकळी वायर लावून तिचे दुसरे टोक इंजिनाच्या धातूला क्षणभर टेकवले. काटा लगेच उणे बाजूला गेला. टोक उचलताच प्लगवर क्षीण ठिणगी दिसली. क्षीण अशासाठी, की वाट तुटल्याने कंडेन्सरही मार्गाबाहेर पडला होता.

पाचवी पायरी : शेवटचे वीतभर अंतर. डिस्ट्रिब्यूटरचे टोपण वायरीला धक्का न लावता काढले. पॉइंटच्या मध्ये कागद सरकवला, म्हणजे ते उघडे राहिले. आता पॉइंटच्या स्प्रिंगजवळच्या टोकाला बल्ब लावला : अंधार. कॉइलजवळ वीज आहे, पॉइंटजवळ नाही, आणि मध्ये केवळ एक वायर. तिला बोटाने हलकेच ढकलले, बल्ब लुकलुकला.

वायर बाहेरून धडधाकट होती. घरी आणून वरचे प्लास्टिक सोलले तेव्हा आतील तांब्याचे धागे डिस्ट्रिब्यूटरच्या तोंडाशी तुटलेले दिसले. कोणे एके काळी कोणीतरी वायर आखूड कापून ओढून बसवली होती. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे तिने वर्षानुवर्षे सोसले. थंडपणी तुटलेली टोके एकमेकांना टेकून राहत आणि प्रवाह वाहत असे. गाडी दहा-बारा किलोमीटर चालून तापली, की प्लास्टिक मऊ होऊन ताणाखाली लांबे आणि टोके दूर होत. पाव तासाने सगळे निवून पुन्हा जागेवर. आपोआप बरी होणारी गाडी ती हीच.

पॉइंट मात्र स्वच्छ होते आणि त्यांची फट बरोबर होती. फीलर गेज घालून आम्ही दोनदा मोजली. त्या मुलाचे काम चोख होते.

इतर नेहमीची कारणे

प्रत्येक गाडीत हाच दोष असेल असे नाही. आपल्या भागात आढळणारी इतर कारणे थोडक्यात देतो.

पॉइंटवर तेलाचा किंवा हाताच्या घामाचा पातळ थर बसला, तरी प्रवाह अडतो. बारीक कानस किंवा पॉलिश पेपर फिरवल्यानंतर कोरड्या, स्वच्छ कापडाने किंवा जाड कागदाने पॉइंट पुसणे विसरू नये. बुलेटच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. कॅमवर घासणारा टेकू झिजत जातो तशी ही फट कमी होते. कॅमला ग्रीसचे केवळ बोट लावावे, जास्त लावल्यास ते उडून पॉइंटवर बसते.

तापल्यावर कंडेन्सर दगा देतो तेव्हा पॉइंटमध्ये मोठ्या पांढुरक्या ठिणग्या उडताना दिसतात आणि पॉइंट लवकर काळे पडतात. तापल्यावर कॉइल दगा देते तेव्हा ठिणगी पिवळसर, तोकडी होते. १२ व्होल्टच्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध साधारण ३ ते ४ ओहम, तर बारीक वेटोळ्याचा काही हजार ओहम असतो. गरम असतानाच मीटर लावून पाहिला तर त्याचा उपयोग. थंड कॉइलचे माप पुष्कळदा फसवे ठरते.

पावसाळ्यात प्लगच्या टोपीतून आणि भेगाळलेल्या जाड वायरीतून वीज बाहेर गळते. अंधारात इंजिन चालू ठेवून दुरून पाहावे; बारीक ठिणग्या सरपटताना दिसतात. उन्हाळ्यात औशाचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या वायरींचे प्लास्टिक कडक होऊन तडकते. हँडल वळवताना ज्या ठिकाणी वायरींचा जुडगा दुमडतो, तेथे विशेष पाहावे. हँडल एका बाजूला वळवले असता गाडी मिस मारत असेल, तर संशय पक्का. ज्यांची गाडी धान्याच्या खोलीत उभी असते, त्यांनी उंदरांनाही आरोपींच्या यादीत घ्यावे. काळ्या मातीची धूळ चावीच्या स्विचमध्ये जाऊन बसते. चावी किंचित हलवल्यावर दिवे लुकलुकले, तर स्विच तपासावा.

राजदूत, जावा, येझदी यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक कारण असते. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त झाले, तर प्लगच्या फटीत काजळीचा तंतू अडकून ठिणगी मरते आणि तो तंतू गळून पडला की गाडी पुन्हा चालते. या गाड्यांत काट्याचा मीटर नसला तरी बल्ब असतोच. ज्या गाड्या बॅटरी-कॉइलवर चालतात, त्यांना वर सांगितलेला चौथ्या पायरीचा क्रम तसाच लागू पडतो. जेथे मॅग्नेटो आहे तेथे वीज बॅटरीऐवजी चाकातील चुंबकापासून येते, म्हणून तेथे जाणत्या कारागिराची मदत घ्यावी.

दुरुस्ती आणि वही

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पुष्कळ बारीक धाग्यांची लवचीक वायर घेतली, थोडी सैल राहील एवढ्या लांबीची. टोकाला कडी दाबून बसवली, डिस्ट्रिब्यूटरच्या तोंडाशी रबरी वेटोळे घातले आणि वायर तापणाऱ्या सिलिंडरपासून दूर बांधली. काढलेले जुने कंडेन्सर आणि कॉइल तपासले असता चांगले निघाले. ते आता पेटीत राखीव आहेत.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी, सर्व विद्यार्थ्यांसमोर, आम्ही त्या मुलाची चूक नव्हती हे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. रस्त्यावर जे बोललो ते त्या एका आजारी मुलाने ऐकले होते. तरी ही क्षमा सर्वांसमोर मागणे आम्हाला योग्य वाटले, कारण पॉइंट कोणी बसवले होते हे सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होते आणि तीन आठवडे तो कार्यशाळेकडे फिरकला नव्हता. त्याने मान डोलावली आणि तासाला आला. एवढेच झाले. त्याला तेव्हा काय वाटले, हे आम्ही विचारले नाही.

त्या दिवसापासून गाडीला एक वही बांधली आहे. गाडी कधीही थांबली, एक मिनिटासाठी का होईना, तर चालवणाऱ्याने चार गोष्टी लिहायच्या : किती किलोमीटर चालल्यावर थांबली, कशी थांबली, एकदम की धापत, काटा कुठे होता, आणि पुन्हा कशाने सुरू झाली. पाचवा रकाना मागे बसलेल्याचा. त्याने जे पाहिले ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, मग तो पाचवीतला असो की पाहुणा पालक असो. या रकान्यावर शिक्षकाने लाल शाई चालवायची नाही, असा नियम आहे. येऊन-जाऊन असणारा दोष एका दिवसाच्या तपासणीत क्वचितच सापडतो. वहीत पाच नोंदी एकाखाली एक आल्या की त्यांच्यातला समान धागा बहुधा दिसू लागतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज लातूर, नांदेड, पुणे येथे गॅरेजमध्ये किंवा कारखान्यांत काम करतात, त्यांना आमची एक विनंती आहे. आपल्याकडे निकामी ठरलेले कंडेन्सर, जळालेले पॉइंट, भेगाळलेल्या टोप्या टाकून देऊ नका. गावाकडे याल तेव्हा त्या घेऊन या आणि एखाद्या रविवारी कार्यशाळेत तासभर बसा. चांगला भाग कसा दिसतो हे मुलांना दुकानात कळते. बिघडलेला भाग कसा दिसतो आणि तो बिघडला हे कसे सिद्ध करायचे, हे त्यांना तुमच्याकडूनच कळेल. बुलेट अजून चालते. वही तिच्या साइड बॉक्समध्ये आहे, आणि पेन्सिल दोरीने बांधलेली आहे.